आहार बदलताना सुटणारी खा-खा: तुम्ही काय करता?

सांजपक्षी

नमस्कार मंडळी. खाण्यापिण्यात बदल करायचं ठरवून काही आठवडे झाले. साखर कमी, तळलेलं कमी, पाकीटबंद जवळजवळ बंद. भाज्या, कडधान्यं, फळं वाढवली आहेत. जेवणाबद्दल तक्रार नाही, उलट आवडतंय. भानगड वेगळीच आहे. दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री जेवण उरकल्यावर तासाभराने काहीतरी गोड हवंच असं होतं. पोट भरलेलं असतं, तरी डोक्यात चॉकलेट सोडून दुसरा विषय येत नाही. दाबून टाकलं की चिडचिड, खाल्लं की स्वतःवर राग.

तर प्रश्न असे. ही तल्लफ आपोआप कमी होते का, आणि किती दिवसांत? "थोडंसं खाऊन विषय संपव" हे बरोबर, की "घरात आणूच नकोस" हे? शिवाय शरीरात काहीतरी कमी असतं म्हणून शरीर ते मागतं, हे कितपत खरं? मला एकीने मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत.

"मनोनिग्रह ठेवा" हा सल्ला कृपया देऊ नये. तो माझ्याकडे भरपूर साठला आहे.

गोडघाशा

धागा वाचता वाचता चॉकलेट खावंसं वाटू लागलं. तीव्र निषेध!
बाकी वाचतोय.

तर्कटी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत सोपा आहे.

मॅग्नेशियम कमी पडलं म्हणून चॉकलेट हवंसं वाटतं, ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण टिकत नाही. मॅग्नेशियम पालेभाज्यांत, डाळींत, बदामात, भोपळ्याच्या बियांत भरपूर असतं. पालकासाठी मध्यरात्री कासावीस झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. १९९४ साली मिशनर आणि रोझिन या दोघा संशोधकांनी याची थेट परीक्षाच घेतली होती. चॉकलेटची तल्लफ येणाऱ्या लोकांना ती आली की कधी नेहमीचं चॉकलेट खायला दिलं, कधी पांढरं चॉकलेट (यात कोकोची भुकटी नसते), कधी कोकोतले सगळे घटक भरलेल्या नुसत्या कॅप्सूल. चॉकलेटने तल्लफ शमली, पांढऱ्याने काही प्रमाणात शमली, कॅप्सूलने काहीही झालं नाही. पांढऱ्या चॉकलेटच्या जोडीला कॅप्सूल दिल्या तरी जास्तीचा फायदा शून्य. म्हणजे मागणी चवीची, वासाची आणि जिभेवर विरघळण्याची होती. कोकोतल्या रसायनांशी तिचा संबंध दिसला नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. बर्फ चघळत राहावंसं वाटणं, माती किंवा कच्चा स्टार्च खावासा वाटणं, हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. तिथे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) तपासून घ्यावं. चॉकलेट त्या यादीत नाही.

अर्धा_चमचा

सांजपक्षी, अगं आधी हे सांग, दुपारी जेवतेस काय आणि किती?

विचारायचं कारण असं की "चांगलं खायचं" ठरवलं की बायका (पुरुषही, पण बायका जास्त) नकळत कमी खायला लागतात. ताटभर पाला, एखादं फळ, झालं जेवण. मग चार वाजता शरीर आपलं बिल घेऊन हजर. त्याला तल्लफ म्हणायचं आणि स्वतःला बोल लावायचा, हे बरं नाही. दुपारच्या जेवणात डाळ, अंडी, मासे, दही, चीज, जे चालत असेल ते नीट पोटभर असू दे. प्रथिनं आणि तंतू असलेलं जेवण पोटात जास्त वेळ राहतं. आठवडाभर नुसतं एवढंच कर, बाकी काही बदलू नकोस. चारची तल्लफ निम्म्यावर आली तर ती भूकच होती.

तंतुमय पदार्थ एकदम वाढवले असशील तर पाणीही वाढव, नाहीतर पोट डब्ब होतं आणि त्या अस्वस्थपणातही हात डब्याकडे जातो.

तर्कटी

अर्धा_चमचा यांना जोरदार अनुमोदन. यावरचा जुना आणि जरा भीतिदायक दाखला म्हणजे मिनेसोटातला उपासमारीचा प्रयोग. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, ॲन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण १५७० कॅलरी. आजकाल लोक "डाएट" म्हणून हसत हसत याहून कमी खातात, हे अवांतर. त्या तरुणांचं सगळं बोलणं, स्वप्नं, वाचन अन्नाभोवती फिरू लागलं. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ही धडधाकट, स्वेच्छेने आलेली, ध्येयवादी माणसं होती. त्यांचा मनोनिग्रह कमी होता असं कोण म्हणेल?

सांजपक्षी

बापरे. दुपारी मी खरंच सॅलड आणि एक फळ एवढंच खाते, आणि त्यावर खूशही असते. म्हणजे चारची गोष्ट कदाचित सुटली. पण रात्रीचं काय? रात्री व्यवस्थित जेवते, त्यात डाळ असते, अंडी असतात. तरी तासाभराने सुरू.

रात्रपाळी

झोप किती होते? गंमत म्हणून विचारत नाही. २००४ साली शिकागोत एक छोटा प्रयोग झाला होता. १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास. कमी झोपेनंतर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के खाली आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्के वर. भूक वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. बाराच माणसं, त्यामुळे आकडे कोरून ठेवू नका, पण रात्रपाळी करणाऱ्या कुणालाही विचारा. पहाटे तीन वाजता कुणी काकडी खात नाही.

आमच्याकडे यंत्रातून चॉकलेट आणि चिप्सच मिळतात. मी आता डबा नेतो: उकडलेली अंडी, दाणे, एखादं सफरचंद. तल्लफ गेली का? नाही. पण चिप्स खायचे तर उठून, पैसे घेऊन, दोन जिने उतरावे लागतात आणि डबा शेजारी असतो. आळस माझ्या बाजूने काम करतो.

मिठाचा_खडा

मी गोडातला नाही, खारटातला. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं. (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात पाकिटातलं छुपं मीठही आलं.) सुरुवातीला सगळं अन्न कागदासारखं लागायचं. पण जीभ बदलते. दोन-तीन महिन्यांत कमी मिठाची सवय होते, हे जुन्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. आता बाहेरचं सूप तोंडात घालवत नाही, इतकं खारट लागतं.

अट एकच. मधूनच "आज चालेल" करत जुन्या पातळीवर गेलात की जीभही मागे जाते.

तर्कटी

मीठ आणि साखर यांत थोडा फरक आहे, तो सांगतो म्हणजे नंतर अपेक्षाभंग नको. २०१६ साली एका प्रयोगात लोकांनी तीन महिने साखर बरीच कमी केली. त्यांना तेच पुडिंग आधीपेक्षा जास्त गोड लागायला लागलं, म्हणजे जीभ तल्लख झाली. पण किती गोड *आवडतं*, यात मोठा बदल झाला नाही, आणि मनसोक्त खायची मुभा मिळताच ते लवकरच जुन्या साखरेवर परतले. त्यामुळे "गोडाची आवडच मरून जाईल" अशी वाट बघत बसू नका. आवड राहील. कमी होतो तो तगादा.

आता धाग्यातला खरा वादाचा मुद्दा, थोडं खावं की मुळीच नाही. दोन्ही बाजूचे लोक स्वतःच्या अनुभवाची शपथ घेतात आणि दोघंही खरं बोलत असतात. फरक मुदतीचा आहे. एखादा पदार्थ एकदम बंद केला की पहिल्या काही दिवसांत त्याची तल्लफ वाढते, हे प्रयोगांत दिसतं. पण महिनोन् महिने कमी खाणाऱ्यांत, विशेषतः देखरेखीखाली वजन कमी करणाऱ्यांत, तल्लफ एकंदरीत घटते, हेही दिसतं. पहिल्या आठवड्यावरून मत बनवणारा म्हणतो, "बंदीने हाव वाढते." टिकून राहिलेला म्हणतो, "सोडलं की सुटतं." दोघं वेगवेगळ्या वेळी घड्याळ बघत असतात.

२०१७ मध्ये लुइझियानातल्या संशोधकांनी यात आणखी एक धागा सोडवला. वजन कमी करणाऱ्यांत तल्लफ घटण्याचा संबंध त्यांना दिसला तो हवाहवासा पदार्थ किती *वेळा* खाल्ला याच्याशी. एका वेळी किती खाल्ला, याच्याशी तसा दिसला नाही. मला यातला हा भाग सर्वांत कामाचा वाटतो. रोज रात्री एकच तुकडा खाणं शिस्तीचं वाटतं, पण मेंदूला रोज तोच धडा मिळतो: जेवण झालं, आता गोड. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा, चार लोकांत बसून, चांगलं आणि पोटभर खाल्लेलं बरं.

अर्धा_चमचा

इथे मी थोडी वेगळी पडते, तर्कटी. तुमचं संशोधन असेलही, पण सगळ्यांना ते झेपत नाही. माझ्या ओळखीत रोज जेवणानंतर एक छोटा तुकडा खाऊन वर्षानुवर्षं सुखाने राहणारी माणसं आहेत. त्यांना तगादा नाहीच. ज्याला एका तुकड्यावर थांबता येतं त्याने थांबावं. ज्याचा एक तुकडा पाकीट संपेपर्यंत चालतो, त्याने तुमचं ऐकावं. आपण कोण, हे ज्याचं त्याला पक्कं माहीत असतं, फक्त मान्य करायचं नसतं.

तर्कटी

मान्य. ज्याला त्रासच नाही त्याने काहीच बदलू नये. माझा सल्ला तगादा असणाऱ्यांसाठी.

गोडघाशा

मी पाकीटवाला. साखरविरहित चॉकलेट हा सुवर्णमध्य असेल असं वाटून एका बैठकीत अख्खं संपवलं. पुढचा तपशील जेवताना धागा वाचणाऱ्यांसाठी गाळतो.

पथ्यकर

गोडघाशा, त्यात बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असणार. ही साखर-अल्कोहोलं पूर्ण पचत नाहीत, मोठ्या आतड्यात पाणी ओढतात आणि वायू करतात. जास्त खाल्लं की जुलाब ठरलेले. पाकिटावर तशी सूचना अनेकदा बारीक अक्षरांत असते.

कृत्रिम गोडीबद्दल एकूणच: वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून ती वापरू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. हा सल्ला मधुमेह असलेल्यांसाठी नाही आणि साखर-अल्कोहोलंही त्यात धरलेली नाहीत. थंड पेयांची सवय मोडताना पायरी म्हणून कुणी काही काळ वापरलं तर मी हरकत घेत नाही. फक्त त्या पायरीवरच संसार थाटू नये.

पाकीटबंद पदार्थ कमी केलेत हे उत्तम. अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या चमूने २०१९ मध्ये २० जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून दोन प्रकारचं जेवण दिलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, दोन आठवडे साधं ताजं. समोर ठेवलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, मेद, तंतू यांचा मेळ दोन्हीकडे घातला होता आणि हवं तितकं खायची मोकळीक होती. अतिप्रक्रिया केलेल्या आठवड्यांत तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. दोष खाणाऱ्याच्या स्वभावात शोधण्याआधी ताटात काय आहे ते बघावं, हे मी रुग्णांना नेहमी सांगते.

इन्सुलिनवाला

एक महत्त्वाची सूचना, कृपया कुणी वगळू नका. तुम्हाला मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या चालू असतील, तर अचानक खा-खा, घाम, हाताला कंप, छातीत धडधड ही तल्लफ नसते. रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तेव्हा फिरायला जाणं, पाणी पिणं, मन दुसरीकडे वळवणं, यातलं काहीही करू नका. साखर मोजा. ७० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा. यासाठी चॉकलेट चांगलं नाही, त्यातल्या मेदामुळे साखर उशिरा शोषली जाते. आणि आहार बदलताय, कमी खाताय, तर डॉक्टरांना आधी सांगा, औषधाचा डोस बदलावा लागतो.

पथ्यकर

+१. हे अगदी वर चिकटवायला हवं.

निळी_शाई

पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात, यावर कुणी बोललं नाही अजून. कडक नियम त्याच आठवड्यात सुरू करायचे आणि मोडले की रडायचं, असं का करतो आपण? मी त्या दिवसांत सरळ एक खाणं वाढवते. दही-फळं, किंवा टोस्टवर शेंगदाण्याचं लोणी. दिवस संपले की आपोआप पूर्वपदावर.

सांजपक्षी

निळी_शाई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, बघते तारखा जुळवून.

झोपेचं म्हणाल तर बरी होते. रात्रीची तल्लफ नेमकी येते ती सगळं आवरून सोफ्यावर बसले आणि समोर टीव्हीचा पडदा सुरू झाला की. बाहेर कुणाकडे जेवायला गेले तर येत नाही. आत्ता लिहितानाच हे जाणवलं.

तर्कटी

मग उत्तर तुम्हीच दिलंत. ती सोफ्याची तल्लफ आहे. इतकी वर्षं सोफा, पडदा, चॉकलेट असा क्रम चालला, आता पहिले दोन आले की मेंदू तिसऱ्याची तयारी करून ठेवतो. ही शिकलेली गोष्ट आहे. तिचं बक्षीस मिळणं थांबलं की ती सैल पडते, मात्र आधी थोडी जोर करते. तो जोर म्हणजे उपाय फसला असं समजून लोक नेमके तिथेच सोडून देतात.

करायचं काय? काही दिवस तो क्रमच मोडा. जेवणानंतर दुसऱ्या खोलीत बसा, किंवा पंधरा मिनिटं झपाझप चालून या. एक्झिटर विद्यापीठातल्या प्रयोगांत एवढ्या चालण्याने चॉकलेटची तल्लफ उतरलेली दिसली, आणि दुसऱ्या एका प्रयोगात चालून आलेल्यांनी कामाच्या टेबलावर ठेवलेलं चॉकलेट साधारण निम्मंच खाल्लं.

चालणं शक्य नसेल तर टेट्रिस (वरून पडणारे ठोकळे रचायचा तो खेळ) खेळा, हसू नका. प्लिमथ विद्यापीठातल्या मंडळींचं म्हणणं असं की तल्लफ मुख्यतः डोळ्यांसमोरच्या चित्रावर जगते: तो तुकडा, त्याचा चमकदार कागद, त्याची चव. तीच जागा दुसऱ्या चित्राने भरली की तल्लफेला पाय ठेवायला जागा उरत नाही. तीन मिनिटं टेट्रिस खेळूनही तिचा जोर कमी झालेला त्यांनी मोजला. संपत नाही हं, कमी होतो. पण तेवढ्यात वेळ निघून जाते.

रात्रपाळी

आणि "चॉकलेटचा विचार करायचा नाही" असं स्वतःला बजावत बसू नका, त्याने तो जास्तच येतो. ॲलन मार्लाट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीत वापरलेली रीत मला लागू पडली. तल्लफ लाटेसारखी बघायची. घशात काय होतंय, पोटात काय होतंय, तोंडाला पाणी सुटतंय का, हे निवांत निरखायचं. ती चढते, टोकाला जाते, ओसरते. भांडायचं नाही. पहिल्यांदा फार विचित्र वाटतं.

सांजपक्षी

आणि किती दिवस, ते राहिलंच. २१ दिवस असं सगळीकडे वाचते.

तर्कटी

२१ विसरा. लंडनमध्ये २०१० साली फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नव्या सवयी अंगवळणी पडायला किती लागतात ते मोजलं. मधला आकडा ६६ दिवस, पण व्याप्ती १८ पासून २५४ पर्यंत. त्यातही एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तुमचं "खाल्लं की स्वतःवर राग" आहे ना, त्या रागाची इथे काही गरज नाही. उद्याचा दिवस नेहमीसारखा.

निनावी_वाचक

आयडी नवा घेऊन लिहिते आहे. वरचे सगळे सल्ले चांगले आहेत, पण माझ्यासारख्यांना ते उलटे पडतात. थोड्या वेळात खूप जास्त खाणं, थांबताच न येणं, लपून खाणं, नंतर प्रचंड लाज. हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चाललं असेल तर त्याला वैद्यकीय नाव आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मला पदार्थ बंद करायला सांगणं म्हणजे पुढच्या झटक्याची तारीख ठरवणं होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी उलट दिवसातून ठरल्या वेळी, न चुकवता खायला लावलं. तिथून फरक पडला. कुणाला स्वतःचं वर्णन वाचल्यासारखं वाटलं तर इथे उपाय शोधू नका, तज्ज्ञांकडे जा.

अर्धा_चमचा

लिहिलंस ते फार बरं केलंस गं.

पथ्यकर

निनावी_वाचक, धन्यवाद. आणि ज्यांना हा त्रास आहे त्यांनी वरचा माझा किंवा तर्कटींचा कुठलाही "बंद करा" प्रकारचा सल्ला स्वतःच्या मनाने लावू नये.

कोपऱ्यातला_वाचक

उशिरा आलो. माझा प्रश्न जरा वेगळा. मी एकटाच आहार बदलतोय, घरातल्या बाकीच्यांना बदलायचं नाही. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम सगळं येतच राहणार. मुलांवर माझं पथ्य लादायचं नाही. "घरात आणू नका" हा उपाय मला बादच आहे. मग?

अर्धा_चमचा

लादू नकोसच. पण जागा बदल. टेबलावरचा, काचेच्या बरणीतला खाऊ अपारदर्शक डब्यात, तो डबा वरच्या फळीवर मागे. मुलांना हवं तेव्हा काढून द्यायचं. टेबलावर फळं, तीही धुऊन कापलेली. न कापलेलं कलिंगड आठवडाभर तसंच राहतं, कापलेलं तासात संपतं.

आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवायची सवय असेल तर ती आधी सोड.

मिठाचा_खडा

आमच्याकडे दोघांनी मिळून ठरवलं, चिप्सची मोठी पाकिटं आणायची नाहीत, छोटीच आणायची. महाग पडतं, पण मोठं उघडलं की ते माझंच असतं. आणि ज्या चवीचं मला अजिबात आवडत नाही तीच चव आणायची, मुलांना काही फरक पडत नाही.

गोडघाशा

ही शेवटची युक्ती जबरदस्त आहे. आमच्याकडे उद्यापासून नारळाच्या चवीचं आइस्क्रीम. मला नारळ चालत नाही. बायकोलाही चालत नाही, हे तिला उद्याच सांगतो.

कोपऱ्यातला_वाचक

डबे आजच हलवतो. ताटातल्या उरलेल्याचं मात्र नेमकं पकडलंत. मुलं उठली की भांडी उचलता उचलता मीच ते संपवत असतो, आणि त्याचा हिशोब कुठेच धरत नाही. आता वाढतानाच कमी वाढून बघतो, लागलं तर परत घेतील.